नवऱ्याची पन्नाशी, थीम पार्क आणि आम्ही दोघंच

रानजाई

नवऱ्याला जुलैच्या शेवटी पन्नास पूर्ण होतील. हॉल, स्टेज, शंभर-दोनशे माणसं यातलं काहीही नको, हे तो वर्षभर सांगतोय. परवा विचारलं, "मग हवंय तरी काय?" तर म्हणाला, "रोलर कोस्टरमध्ये बसायचंय. अगदी मन भरेपर्यंत. मुलं लहान होती तेव्हा त्यांच्या बॅगा आणि पाण्याच्या बाटल्या धरून खालीच उभा राहिलो." ऐकून मला फार भरून आलं. खरंच, आमच्याकडच्या तेव्हाच्या एकाही फोटोत तो पाळण्यात बसलेला नाही, कारण फोटो तोच काढायचा.

तर जायचं नक्की. मुलं आपापल्या शिक्षणात आणि नोकरीत आहेत, ती येणार नाहीत. आम्ही दोघंच. पण ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांचा पहिला प्रश्न एकच, "मुलं नाहीत बरोबर? मग कशाला?" आता मलाच थोडं चुकल्यासारखं वाटायला लागलंय.

तुमच्यापैकी कुणी मोठ्या माणसाचा वाढदिवस असा साजरा केलाय का? जगात कुठेही चालेल, पैसे साठवलेत. कुठलं पार्क निवडू, किती दिवस ठेवू, वाढदिवसाच्या दिवशी काय वेगळं करता येतं, आणि हे सगळं त्याच्यापासून लपवून ठेवू का? दोन गोष्टी आधीच सांगते. मला स्वतःला गोल फिरणारं काहीही झेपत नाही, चक्कर येते. आणि त्याला रक्तदाबाची गोळी चालू आहे, दाब नियंत्रणात आहे.

भटक्या

रानजाई, आधी त्या "मुलं नाहीत तर कशाला"चा निकाल लावू.

वॉल्ट डिस्नेने डिस्नेलँडची कल्पना कशी सुचली ते स्वतः सांगितलंय. लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये तो आपल्या दोन मुलींना घेऊन जायचा. मुली मेरी-गो-राउंडवर, आणि हा बाकावर शेंगदाणे खात बसलेला. आईबाप आणि मुलं मिळून मजा करतील अशी जागा का असू नये, हे त्याच्या मनात त्या बाकावर आलं. १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडलं ते यातून. तुमच्या नवऱ्याने बॅगा धरून जे केलं तेच तो करत होता. असल्या जागेवर बाकावरच्या माणसाचा पहिला हक्क आहे!

त्याच्याही कितीतरी आधीचं उदाहरण म्हणजे डेन्मार्कमधल्या कोपनहेगनचं टिवोली पार्क, १८४३ चं. संध्याकाळी शहरातल्या मोठ्या माणसांनी दिव्यांत फिरायला यावं, संगीत ऐकावं, ही त्याची पहिल्यापासूनची रीत, आणि ती अजून टिकून आहे. लोक कामावरून सुटून तिथे येतात. तिथला लाकडी रोलर कोस्टर १९१४ चा आहे आणि आजही गाडीत मधोमध एक ब्रेकमन बसतो. उतारावर गाडीचा वेग किती ठेवायचा हे तो माणूस हाताने ठरवतो. मी त्याच्या मागच्याच डब्यात होतो. दर वळणाच्या अलीकडे त्याचा खांदा मागे जायचा, लिव्हर ओढलेला कळायचा आणि मग गाडी आवाज करत वाकायची. यंत्राची आवड असलेल्या माणसाला याहून वेगळी भेट काय द्यायची?

तेव्हा चुकल्यासारखं अजिबात वाटून घेऊ नका. तिकिटाच्या खिडकीवर कुणी विचारत नाही की मूल कुठंय.

जांभूळ

भटक्यांना अनुमोदन. मी माझ्या बहिणीला तिच्या चाळिशीला घेऊन गेले होते, तिची मुलं घरी आजीजवळ. ती एकही क्षण कुणाच्या नाकातोंडाकडे, बुटाच्या नाडीकडे न बघता चालत होती. दिवसभर.

उलटीगंगा

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. पन्नासावा वाढदिवस एकदाच येतो. तो अनोळखी गर्दीत, उन्हात, रांगेत घालवायचा? मोठ्या पार्कांत नावाजलेल्या राइडची रांग एक-दीड तास सहज असते आणि राइड संपते दोन-तीन मिनिटांत. त्यापेक्षा एखादं शांत ठिकाण, चार जवळची माणसं, निवांत गप्पा. पन्नाशीत माणसाला सोबत हवी असते असं मला मनापासून वाटतं. मी तरी असंच केलं आणि त्याचा आनंद अजून पुरतोय.

रानजाई

उलटीगंगा, राग कसला. हेच माझ्या वाढदिवसाला कुणी सुचवलं तर मी लगेच हो म्हणेन. पण हा त्याचा आहे आणि त्याने मागितलेलं हे एवढंच आहे. माझी अडचण ती रांग. ती कमी कशी करायची?

भटक्या

रांगेचं गणित बहुतेक सगळीकडे सारखं असतं. गर्दी अकराच्या सुमारास वाढते, दुपारी शिगेला पोचते आणि संध्याकाळी उतरते. दरवाजा उघडायच्या अर्धा-पाऊण तास आधी जाऊन उभे राहा. पहिल्या तासात ज्या तीन राइड होतात त्या दुपारी करायला निम्मा दिवस जातो. तसंच शेवटचा तास. बहुतेक पार्कांत बंद व्हायच्या वेळेपर्यंत जो रांगेत शिरला त्याला बसू देतात, म्हणून सगळ्यात आवडलेली राइड शेवटी ठेवायची. मिरवणूक किंवा आतषबाजी चालू असते तेव्हाही रांगा कमी होतात.

आणि दुपारी एक ते चार चक्क हॉटेलवर जाऊन झोपा. म्हणून पार्काच्या आवारातलं किंवा चालत जाण्याच्या अंतरावरचं हॉटेल घ्यायला सांगेन, थोडं महाग पडलं तरी. मोठ्या रिसॉर्टमध्ये तिथल्या हॉटेलात राहणाऱ्यांना इतरांच्या आधी आत सोडतात. फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्ये अर्धा तास आधी मिळतो, तो अर्धा तास सोन्याचा आहे. रांग टाळायचा पैसे भरून घ्यायचा पासही बहुतेक ठिकाणी असतो. एरवी मी घेत नाही, वाढदिवसाच्या एका दिवसासाठी मात्र जरूर घ्या.

आणखी एक. सिंगल रायडरची रांग शोधा. गाडीत एखादी जागा रिकामी राहते तिथे एकट्या माणसाला बसवतात आणि ती रांग फार भराभर सरकते. तुम्ही तशाही बसणार नाही आहात, तेव्हा त्याच्यासाठी ही सोय म्हणजे पर्वणीच आहे.

शेवंती

लपवून ठेवण्याबद्दल लिहिते. ठेवू नका. मी सासूबाईंना असंच अचानक नेलेलं पाहिलंय (मी ठरवणाऱ्यांत नव्हते). त्या छान चपला घालून आल्या. पार्कात दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर चालणं होतं. दुपारपर्यंत टाचांना फोड आले आणि उरलेला दिवस त्या हसत हसत सहन करत होत्या, ते बघणं फार कठीण गेलं.

मोठ्या माणसाला स्वतःची तयारी करायची असते. औषधं बरोबर घ्यायची असतात, रजा टाकायची असते, महिनाभर आधी चालायची सवय करायची असते. आणि मुख्य म्हणजे वाट बघायची असते. तुमचे यजमान रोज रात्री त्या कोस्टरचे व्हिडिओ बघत बसतील, तो आनंद त्यांच्याकडून काढून घेऊ नका. फार तर एक गोष्ट लपवा. संध्याकाळचं खास टेबल म्हणा, किंवा मुलांनी लिहिलेली पत्रं बॅगेच्या तळाशी. जागा आणि तारीख मात्र सांगून टाका.

जांभूळ

शेवंतीताई, पत्रांची कल्पना फार आवडली.

निळाशाई

पार्क निवडताना नाव बघू नका, माणूस बघा. मी तीन-चार तऱ्हेच्या लोकांबरोबर फिरलेय, त्यावरून सांगते.

ज्याला नुसते कोस्टर हवेत, सजावट नसली तरी चालेल, त्याने अमेरिकेत ओहायोतलं सीडर पॉइंट गाठावं. तिथला मिलेनियम फोर्स २००० साली उघडला तेव्हा पूर्ण फेरी मारणाऱ्या कोस्टरांत तीनशे फुटांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला होता, ३१० फूट. त्याच्या पहिल्या चढावर एका बाजूला ईरी सरोवर दिसतं आणि तेवढ्यात गाडी वाकते.

कोस्टर हवेत आणि वातावरणही हवं, तर ऑरलँडोचं युनिव्हर्सल. तिथल्या वेलोसिकोस्टरला खांद्यावरून येणारा पट्टा नाही, फक्त मांडीवर दांडा, आणि तेवढ्यावर तो तुम्हाला उलटं करतो. खिशात काही ठेवू देत नाहीत, लॉकर असतात. २०२५ च्या मे महिन्यात त्यांचं एपिक युनिव्हर्स हे नवीन पार्कही उघडलंय.

ज्याला राइडपेक्षा जागेत रमायचंय त्याच्यासाठी टोकियोचं डिस्नेसी. तिथे बंदर आहे, ज्वालामुखी आहे, बोटी आहेत, आणि कितीतरी कोपरे असे की काही न करता तासभर बसावं. ज्याला चालत चालत बघायचंय, खायचंय, त्याच्यासाठी फ्लोरिडातलं एपकॉट. तळ्याभोवती अकरा देशांचे विभाग आहेत, एक पूर्ण फेरी दोन किलोमीटरच्या आसपास.

आता तुम्ही म्हणता तुम्हाला चक्कर येते आणि त्यांना कोस्टर हवेत. म्हणजे असं पार्क हवं जिथे ते वर असताना तुम्हाला खाली करायला काहीतरी असेल. सीडर पॉइंट त्यासाठी नको. त्यांचा व्यवसाय काय आहे ते सांगितलंत तर आणखी नेमकं सुचवता येईल.

रानजाई

मशीन डिझाइन. घरातला मिक्सर बिघडला तर दुरुस्त व्हायच्या आधी त्याचा नकाशा तयार होतो.

निळाशाई

मग माझ्या मनात एकच नाव येतंय. जर्मनीतलं युरोपा-पार्क, रुस्ट या गावात. फ्रान्सची सीमा तिथून अगदी जवळ.

मॅक घराण्याचा कारखाना १७८० पासून आहे. आधी गाड्या बांधायचे, पुढे जत्रेतली यंत्रं करायला लागले. आपली यंत्रं गिऱ्हाइकांना चालताना दाखवावीत म्हणून फ्रान्झ मॅक आणि त्यांच्या मुलाने, रोलंडने, १९७५ मध्ये हे पार्क काढलं. म्हणजे कोस्टर बनवणाऱ्यांच्या अंगणातच कोस्टर बघायचे. ब्लू फायर आणि व्होल्ट्रॉन हे त्यांच्या स्वतःच्या कारखान्यातले. सिल्व्हर स्टार बाहेरून घेतलेला, ७३ मीटर उंच. आणि वोडान लाकडी. एकाच आवारात लोखंडी, लाकडी, चढावरून सुटणारा, ढकलून सुटणारा असे सगळे प्रकार. त्यांची वही घेऊन जा, लागेल.

आणि तुमच्यासाठी: पार्क देशांच्या विभागांत वाटलंय, पंधराच्या वर युरोपीय देश, प्रत्येकाचे रस्ते, घरं, बागा वेगळ्या. भोवती छोटी रेल्वे फिरते, मोनोरेलही आहे. त्यात बसून चक्कर येत नाही.

मेघमल्हार

रक्तदाबाचा मुद्दा मागे पडतोय म्हणून लिहितो. मी डॉक्टर आहे, पण इथे वाचून कुणी निर्णय घेऊ नये, आपल्या डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटावं.

मोठ्या कोस्टरच्या दाराशी पाटी असते: उच्च रक्तदाब, हृदयविकार, पाठ-मानेचं दुखणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भारपण. ती पाटी पार्काच्या वकिलांसाठी आहे असं समजून पुढे जाऊ नका. दाब नियंत्रणात असलेली बरीच माणसं व्यवस्थित बसतात, पण कुणाला हो म्हणायचं आणि कुणाला नाही हे तपासणीवर ठरतं. डॉक्टरांकडे जाताना "पाळण्यात बसायचंय" एवढंच सांगू नका. उंची ७३ मीटर, वेग ताशी सुमारे १३० किलोमीटर असं सांगा. त्यांना चित्र स्पष्ट दिसलं पाहिजे. गोळ्या चालूच ठेवायच्या, हातातल्या सामानात ठेवायच्या. लांबचा विमानप्रवास असेल तर उतरल्या दिवशी एकही मोठी राइड नको. झोप झाली पाहिजे, पाणी भरपूर प्यायलं पाहिजे. रिकाम्या पोटी नको आणि टम्म पोटीही नको. पहिल्या दिवशी लहान कोस्टरने सुरुवात करून शरीर काय म्हणतंय ते बघावं.

आणि रानजाई, तुमच्या चक्करेबद्दल. डोळे एक सांगतात आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग दुसरंच सांगतो, तेव्हा मळमळतं. त्यामुळे गोल फिरणाऱ्या कपबशा आणि पडद्यासमोर खुर्ची हलवणाऱ्या राइड तुमच्यासाठी कोस्टरपेक्षाही वाईट ठरू शकतात. पडद्याच्या राइडवर फार त्रास झाला तर पडद्याच्या बाहेर, कडेला, स्थिर भिंतीकडे बघा. प्रवासात घ्यायची गोळी आधी घ्यावी लागते, चक्कर सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही, आणि तिने झोप येते. तीही डॉक्टरांना विचारूनच.

रानजाई

मेघमल्हार, फार आभारी आहे. पुढच्या आठवड्यात दोघंही तपासून येतो.

पिंपळपान

मी एकटीच गेले होते, माझ्या चाळिशीला, टोकियो डिस्नेसीला. एकटीने जाण्याबद्दल घरी कुणालाच कळेना, पण मला कुणाशीही तडजोड न करता एक दिवस हवा होता.

डिस्नेच्या पार्कांत वाढदिवसाची खूण फुकट मिळते. अमेरिकेत बॅज देतात, टोकियोत स्टिकर. मी एका कर्मचारी मुलीला सांगितलं, आज माझा वाढदिवस. तिने खिशातून स्टिकर काढला, माझं नाव विचारलं, मी सांगितलं, तिने ते दोनदा स्वतःशी म्हणून बघितलं. मग गुडघ्यावर पाटी टेकवून, जिभेचं टोक दातांत धरून, एकेक अक्षर लिहिलं. शेवटी एक फुगा काढला. त्यानंतर दिवसभर झाडणारे, तिकिटं तपासणारे, बोटीवरचे, जो तो छातीवरचं नाव वाचून हात हलवत होता. रांगेतल्या एका आजींनीही टाळ्या वाजवल्या.

नोकरी, घर, सगळीकडे मी इतरांचे वाढदिवस लक्षात ठेवणारी. त्या दिवशी अनोळखी माणसं माझा लक्षात ठेवत होती. मी हे कधी विसरणार नाही.

उलटीगंगा

पिंपळपान, छान लिहिलंय तुम्ही. सोबतीबद्दल मी वर जे म्हणालो त्यात ही सोबत मी धरली नव्हती.

शेवंती

तो बॅज ऑरलँडोच्या युनिव्हर्सलमध्येही मिळतो, गेस्ट सर्व्हिसमध्ये मागायचा. ओळखपत्र कुणी बघत नाही. त्यामुळे वाढदिवस नेमक्या त्या तारखेला असायलाच हवा असं नाही, ज्या दिवशी साजरा करताय त्या दिवशी लावा.

आजोळ

माझा अनुभव जरा वेगळ्या वयाचा. बाबांची सत्तरी. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. गुडघे गेलेले, कोस्टरचा प्रश्नच नव्हता. भाऊ म्हणत होता, त्यांना तिथे नेऊन करायचं काय? मी फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम पार्कला नेलं, तेही फक्त तिथल्या वाफेच्या इंजिनांसाठी.

त्या पार्काला वळसा घालणारी जी रेल्वे आहे तिची इंजिनं खोटी नाहीत. फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यात १९१६ ते १९२८ या काळात बांधलेली, मेक्सिकोत युकातानमध्ये वर्षानुवर्षं राबलेली, आणि डिस्नेने तिथून आणून पुन्हा उभी केलेली. वाफ खरी आहे. बाबा स्टेशनच्या कठड्याला धरून उभे राहिले. गाडी आली, गेली, परत आली. ते बसायला तयार होईनात, आधी चाकांचे दांडे फिरताना बघायचे होते. ड्रायव्हर तेल घालायला खाली उतरला तेव्हा बाबांनी नुसतं हाताने विचारलं, "किती दाब?" त्याने गेजकडे बोट दाखवलं. भाषा एक नव्हती आणि दोघं बराच वेळ बोलत होते.

चाकाची खुर्ची पार्कातच भाड्याने मिळते, विजेवर चालणारी गाडीही मिळते. सुरुवातीला बाबा खुर्चीत बसायला लाजत होते. मी म्हटलं, तुम्ही मला खांद्यावर घेऊन जत्रेत फिरवलंत ना, आता मी ढकलतो. मग बसले.

रानजाई, मोठ्या माणसाच्या आत कुठली एक गोष्ट राहून गेलीय ते कळलं की पार्क आपोआप ठरतं. तुम्हाला तर ते त्यांनी स्वतःच सांगितलंय.

जांभूळ

आजोळ, डोळे भरून आले.

भटक्या

आजोळ यांच्यावरून आठवलं, ज्यांना पडद्यामागचं बघायला आवडतं त्यांच्यासाठी मॅजिक किंगडममध्ये कीज टू द किंगडम नावाची चालत करायची सफर आहे. सोळा वर्षांखालच्यांना घेतच नाहीत, खास मोठ्यांसाठी. त्यात जमिनीखालचे बोगदे दाखवतात. खरं तर ते जमिनीखाली नाहीतच. तिथे पाणी वर लागतं म्हणून बोगदे जमिनीवर बांधले, समोरचं तळं खोदताना निघालेली माती त्यांच्याभोवती भरली आणि पार्क त्यांच्या छतावर उभं केलं. म्हणजे पाहुणे दुसऱ्या मजल्यावर चालत असतात! एका गोष्टीतल्या पात्राने भलत्याच गोष्टीच्या विभागातून जाऊ नये, म्हणून कर्मचारी या बोगद्यांतून ये-जा करतात.

उंचीचंही तसंच. अमेरिकेत दोनशे फुटांच्या वरच्या बांधकामावर विमानांसाठी लाल दिवा लावावा लागतो. राइडसाठी उभारलेल्या हिमालयाच्या माथ्यावर लाल दिवा कसा शोभेल? म्हणून डिस्ने वर्ल्डमधल्या एव्हरेस्ट नावाच्या कोस्टरचा डोंगर १९९ फुटांच्या जरा वर आणून थांबवलाय. लहानपणी हे कळत नाही. पन्नाशीत कळतं आणि त्याचा आनंद राइडइतकाच असतो. मला तरी असतो.

निळाशाई

कपड्यांबद्दल कुणी लिहिलं नाही. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांत चौदा वर्षं आणि त्यापुढच्यांना पात्राचा पूर्ण पोशाख घालून जाता येत नाही. लहान मुलांनी मोठ्यांनाच खरं पात्र समजू नये हा हेतू. मोठी माणसं मग त्या पात्राच्या रंगांचे साधे कपडे घालतात, पिवळा शर्ट आणि लाल पँट वगैरे. तुम्ही दोघं एकसारखे शर्ट शिवून घ्या, मजा येईल. सैल टोपी, सुटा गॉगल, लांब ओढणी मात्र कोस्टरवर चालणार नाही.

रानजाई

सगळ्यांचं वाचून काढलं. नवऱ्यालाही वाचायला दिलं, शेवंतीताईंचं ऐकून काहीच लपवलं नाही. "बनवणाऱ्यांच्या अंगणात" या ओळीवर तो थांबला आणि उठून सरळ लॅपटॉप उघडला. तेव्हा युरोपा-पार्कच. डॉक्टरांनी दोघांना तपासलं, त्याला हो म्हणालेत, दोन अटी घालून: पहिल्या दिवशी मोठं काही नाही आणि सलग दोन मोठ्या राइड नाहीत.

आता तारखेचं. जुलैअखेरीस तिकडे शाळांना सुट्ट्या असतात ना?

निळाशाई

हो, त्या राज्यात जुलैच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. तीच सगळ्यात मोठी गर्दी. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा धरा आणि मंगळवार-बुधवार-गुरुवार पार्कासाठी ठेवा. शनिवार-रविवार नकोच. हवा गार असते, उन्हाचा त्रास नाही. अमेरिकेला गेला असतात तरी मी जुलै टाळायला सांगितला असता. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी विजा चमकतात आणि तेवढा वेळ उघड्यावरच्या राइड बंद ठेवतात.

दोन पूर्ण दिवस आणि एक अर्धा. पहिला दिवस मोनोरेल, देश, लहान कोस्टर. दुसरा त्याचा, सकाळपासून. तिसऱ्या दिवशी जे आवडलं तेवढंच पुन्हा.

जांभूळ

वाढदिवस दोन महिने उशिरा? चालतं. खऱ्या तारखेला घरी त्याच्या हातात तिकिटं द्या, म्हणजे दोन्ही दिवस त्याचे.

रानजाई

जांभूळ, हे तर लगेच लिहून ठेवलं. एकच शेवटचं विचारते. कोस्टरमध्ये पुढची जागा चांगली की मागची? तो दोनदा विचारून गेला, म्हणतो तुझ्या त्या लोकांना विचार.

भटक्या

दोन्ही, पण वेगवेगळ्या कारणांसाठी. पुढे बसलं की समोर काहीच नसतं, नुसता उतार आणि वारा. मागे बसलं की ओढ जास्त. गाडी लांब असते. पुढचा डबा माथ्यावरून खाली झुकतो तेव्हा बाकीची गाडी अजून चढावरच असते, म्हणून तो हळू उतरू लागतो. शेवटचा डबा माथ्याशी येईपर्यंत गाडीने वेग धरलेला असतो, त्यामुळे मागच्यांना ती खेचून नेते आणि सीटवरून उचलते. सिल्व्हर स्टारसारख्या टेकड्यांच्या कोस्टरला शेवटची ओळ, ब्लू फायरला पहिली. बऱ्याच ठिकाणी पहिल्या ओळीसाठी वेगळी रांग असते, ती थोडी जास्त थांबवते, थांबा. हिसके नको असतील तर मधली ओळ, तिथे ते सगळ्यात कमी.

डॉक्टरांची अट लक्षात ठेवून सांगा त्यांना: आधी पहिली ओळ, मग तासभर तुमच्याबरोबर मोनोरेल, मग शेवटची.

रानजाई

सांगितलं. "तासभर का, अर्धा तास पुरे" असं म्हणतोय. मी तासभरच ठरवलाय. हॉटेलचं बुकिंग आज रात्री करते.

शेवंती

बुकिंग करताना शेऱ्याच्या रकान्यात पन्नासावा वाढदिवस असं जरूर लिहा. आणि बूट आत्ताच घ्या, म्हणजे सप्टेंबरपर्यंत पायाला बसतील.